हेडलाइट न लागणे (पिकअप वाहन)

हेडलाइट न लागणे हा मोटारवाहनाच्या विद्युत यंत्रणेत वारंवार आढळणारा बिघाड आहे. वाहनाच्या दर्शनी भागावरील मुख्य दिव्यांना हेडलाइट असे म्हणतात. बॅटरीपासून दिव्यापर्यंत आणि दिव्यापासून परत बॅटरीपर्यंत जाणारा विद्युतप्रवाहाचा मार्ग कोठेही खंडित झाला, किंवा त्या मार्गात अवाजवी रोध निर्माण झाला, तर दिवे लागत नाहीत अथवा मंद लागतात. या बिघाडाचे निदान एका साध्या तत्त्वावर आधारलेले आहे. दोन्ही बाजूंचे दिवे एकाच वेळी बंद पडले असतील, तर दोष दोन्ही दिव्यांच्या सामाईक मार्गात शोधावा. एकाच बाजूचा दिवा बंद असेल, तर दोष त्या दिव्याच्या जवळपास शोधावा. हे तत्त्व ध्यानात न घेता प्रथम बल्ब बदलल्यास पैसा व वेळ वाया जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

प्रस्तुत लेखात १२ व्होल्टच्या यंत्रणेवर चालणाऱ्या लहान मालवाहू पिकअप वाहनातील या बिघाडाची कारणे, तपासणीचा क्रम, चुकीच्या दुरुस्त्यांचे धोके आणि संबंधित कायदेशीर तरतुदी यांची माहिती दिली आहे. रात्रीच्या ग्रामीण मालवाहतुकीचे उदाहरण म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव परिसराचा संदर्भ घेतला आहे.

## पार्श्वभूमी

मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे ठिकाण असून ते वणी आणि करंजी यांना जोडणाऱ्या मार्गावर वसले आहे. करंजी येथे हा मार्ग नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. कापूस हे या भागाचे प्रमुख पीक असून सोयाबीन व तूर ही पिकेही घेतली जातात. शेजारच्या वणी परिसरात कोळशाच्या खाणी असल्यामुळे तेथील रस्त्यांवर अवजड वाहनांची वर्दळ असते.

दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी वेग घेते आणि कापूस बाजार समितीत वा जिनिंगमध्ये नेण्यासाठी पिकअप वाहनांची मागणी वाढते. महिंद्र बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त तसेच ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखले जाणारे टाटा एस ही या वर्गातील परिचित वाहने होत. यवतमाळ जिल्ह्यात नोंदणी झालेल्या वाहनांचा क्रमांक एमएच २९ या अक्षरांकांनी सुरू होतो.

डिसेंबर महिन्यात या भागात सायंकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. मापासाठी रांगेत थांबलेले वाहन परतीच्या वाटेला लागते तेव्हा बहुधा अंधार पडलेला असतो. गावांना व कोलाम वस्तीच्या पोडांना जोडणारे अंतर्गत रस्ते अरुंद असतात आणि गावाबाहेर पथदिवे क्वचितच असतात. त्याच रस्त्यावरून बैलबंड्या, सायकली, जनावरे आणि पायी चालणारे शेतमजूरही जात असतात. बैलबंडीला बहुधा दिवा नसतो. समोरच्या वाहनाच्या प्रकाशातच ती दिसते. त्यामुळे हेडलाइट ही केवळ चालकाची सोय नसून रस्त्यावरील इतरांच्याही जिवाचे संरक्षण आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यानंतर ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात वाहन सुमारे २५ मीटर पुढे गेलेले असते. थांबण्यासाठी लागणारे अंतर त्यात आणखी मिळवावे लागते, आणि वाहन भरलेले असल्यास ते अधिकच वाढते. दिवे मंद झाल्यास हे सारे अंतर प्रकाशाच्या पल्ल्याबाहेर जाते.

## रचना

### बल्ब

अनेक पिकअप वाहनांत ‘एच ४’ प्रकारचा हॅलोजन बल्ब वापरतात. त्याची क्षमता सामान्यतः ६०/५५ वॉट असते. या एकाच बल्बमध्ये दोन तंतू असतात. ६० वॉटचा तंतू दूरवरच्या प्रकाशासाठी, म्हणजे ‘अप्पर’साठी, तर ५५ वॉटचा तंतू जवळच्या खाली झुकलेल्या प्रकाशासाठी, म्हणजे ‘डिपर’साठी असतो. बल्बच्या मागे तीन पट्ट्या असतात: एक अप्परची, एक डिपरची आणि तिसरी दोहोंना सामाईक. तंतू दोन असल्यामुळे अप्पर चालू व डिपर बंद, किंवा याउलट, अशी स्थिती एकाच बल्बमध्ये संभवते.

### विद्युतमार्ग

रिले असलेल्या वाहनात प्रवाहाचा मार्ग सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतो: बॅटरी, मुख्य फ्यूज, हेडलाइटचा रिले, उजव्या व डाव्या दिव्याचे स्वतंत्र फ्यूज, वायरिंग, होल्डर, बल्ब, अर्थिंग, वाहनाची चेसिस आणि तेथून बॅटरीचे ऋण टोक. फ्यूज आणि रिले यांचा क्रम प्रत्येक वाहनात सारखाच असतो असे नाही. काही वाहनांत अप्पर व डिपर निवडणारा स्विच धन बाजूस न ठेवता अर्थिंगच्या बाजूस ठेवलेला असतो. म्हणून तपासणीपूर्वी वाहनाच्या पुस्तिकेतील आकृती पाहणे इष्ट असते.

### रिले

रिले म्हणजे विद्युतचुंबकाच्या साहाय्याने चालणारा स्विच होय. त्याच्या वेटोळ्यातून सुमारे ०.१५ अँपिअर एवढा अल्प प्रवाह गेला की आतील संपर्कबिंदू जुळतात आणि दिव्यांचा मोठा प्रवाह वाहू लागतो. ६० वॉटच्या एका तंतूला १२ व्होल्ट दाबावर ५ अँपिअर, म्हणजे दोन्ही बाजू मिळून १० अँपिअर प्रवाह लागतो. रिलेमुळे हा प्रवाह चालकाजवळच्या नाजूक स्विचमधून न्यावा लागत नाही. जुन्या काही वाहनांत रिले नसतो; त्यांत सर्व प्रवाह स्टिअरिंगखालील कॉम्बिनेशन स्विचमधून जातो आणि कालांतराने त्या स्विचचे संपर्कबिंदू जळतात.

प्रचलित रिलेवर ३०, ८५, ८६ व ८७ असे अंक छापलेले असतात. ३० क्रमांकाच्या टोकास बॅटरीकडून प्रवाह येतो, ८७ वरून तो दिव्याकडे जातो, तर ८५ व ८६ ही वेटोळ्याची दोन टोके असतात.

### फ्यूज

पात्याच्या आकाराच्या फ्यूजची क्षमता रंगावरून ओळखता येते. १० अँपिअरचा फ्यूज लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा असतो. फ्यूज हा बल्बच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. तारेला पेलवेल त्याहून अधिक प्रवाह वाहू लागल्यास तार तापण्यापूर्वी फ्यूज वितळतो आणि मार्ग खंडित करतो.

## लक्षणांवरून प्राथमिक निदान

साधने हाती घेण्यापूर्वी कोणते दिवे लागतात आणि कोणते लागत नाहीत याची नोंद केल्यास शोधाचे क्षेत्र बरेच मर्यादित होते.

| लक्षण | दोषाचे संभाव्य स्थान |
|---|---|
| एका बाजूचा केवळ डिपर किंवा केवळ अप्पर बंद | त्या बल्बचा एक तंतू, त्या मार्गाचा स्वतंत्र फ्यूज, होल्डरमधील एक पट्टी |
| एका बाजूचे अप्पर व डिपर दोन्ही बंद | त्या बाजूचे अर्थिंग, होल्डर, फ्यूज किंवा संपूर्ण बल्ब |
| दोन्ही बाजूंचा डिपर बंद, अप्पर चालू | डिपरचा स्विच, डिपरचा रिले, सामाईक फ्यूज |
| दोन्ही बाजूंचे सर्व हेडलाइट बंद, पार्किंग दिवे चालू | हेडलाइटचा रिले, मुख्य फ्यूज, कॉम्बिनेशन स्विच |
| हेडलाइट, हॉर्न व स्टार्टर सर्वच निकामी | बॅटरी, बॅटरीचे टर्मिनल, मुख्य अर्थिंग |
| दिवे मंद, एंजिनाचा वेग वाढवल्यास उजळतात | बॅटरी अथवा अल्टरनेटर, सैल टर्मिनल |
| खड्ड्यात दिवे जातात व पुन्हा येतात | सैल जोड, तुटत आलेली तार, होल्डर |
| बल्ब वारंवार उडतात | अल्टरनेटरचा अतिरिक्त दाब, बल्बची सैल बैठक |

स्विचची दांडी क्षणभर ओढून समोरच्याला इशारा देण्याच्या क्रियेस ‘पास’ असे म्हणतात. अनेक वाहनांत पासचा मार्ग मुख्य स्विचला वळसा घालून जातो. पास दिल्यावर अप्पर लागत असेल, परंतु नेहमीच्या स्विचने हेडलाइट लागत नसतील, तर अप्परचे तंतू व त्यांचे अर्थिंग सुस्थितीत आहेत असे समजावे. अशा वेळी दोष स्विचमध्ये किंवा नेहमीच्या मार्गातील रिलेमध्ये असण्याचा संभव अधिक असतो.

## तपासणीचा क्रम

तपासणीसाठी १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, योग्य क्षमतेचे सुटे फ्यूज, एक सुटा बल्ब, बारीक पॉलिश पेपर, १० नंबरचा पाना आणि सुमारे दोन मीटर लांबीची तार एवढे साहित्य पुरेसे होते. वाहन सपाट जागी उभे करून हँडब्रेक लावावा. हातातील अंगठी व धातूचे कडे काढून ठेवावे. बॅटरीचे धन टोक आणि वाहनाचा सांगाडा यांच्यामध्ये धातू आल्यास तो क्षणात लालबुंद होऊन गंभीर भाजते.

### १. बॅटरी व टर्मिनल

पूर्ण भारित बॅटरीचा दाब एंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट असतो. एंजिन चालू असताना तो सामान्यतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट थर साचला असल्यास तो काढून पकड घट्ट करावी. टर्मिनल सोडवताना ऋण टोक प्रथम काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे.

### २. फ्यूज

फ्यूजच्या झाकणाच्या आतील बाजूस मांडणी छापलेली असते. फ्यूज डोळ्यांनी पाहून निर्णय घेऊ नये, कारण आतील सूक्ष्म तडा दिसत नाही. टेस्ट लॅम्पचे एक टोक अर्थिंगला जोडून दिव्याचा स्विच चालू ठेवावा आणि फ्यूजच्या दोन्ही उघड्या बिंदूंना दुसऱ्या टोकाने स्पर्श करावा. दोन्हीकडे लॅम्प लागल्यास फ्यूज चांगला आहे. एकीकडेच लागल्यास फ्यूज गेलेला आहे. दोन्हीकडे लागला नाही, तर प्रवाह फ्यूजपर्यंतच पोहोचत नाही.

त्याच क्षमतेचा नवा फ्यूज घातल्यावर तोही लगेच गेला, तर मार्गात शॉर्टसर्किट आहे. तो शोधल्याखेरीज तिसरा फ्यूज घालू नये.

### ३. बल्ब

उडालेल्या बल्बचा तंतू तुटलेला दिसतो, किंवा काच आतून काळवंडलेली अथवा दुधाळ झालेली असते. खात्रीसाठी मल्टिमीटरने सामाईक पट्टी व प्रत्येक तंतूची पट्टी यांमधील सातत्य तपासावे. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटांचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर डाग पाडतो आणि त्या जागी काच कमकुवत होऊन बल्ब लवकर निकामी होतो. चुकून स्पर्श झाल्यास स्पिरिटने काच पुसावी.

दोन्ही बल्ब एकाच वेळी उडालेले आढळल्यास केवळ बल्ब बदलून थांबू नये. एंजिन चालू असताना बॅटरीवरील दाब मोजावा. तो १५ व्होल्टच्या वर जात असल्यास अल्टरनेटरच्या नियंत्रकात दोष आहे, आणि तो दूर न केल्यास नवे बल्बही उडतील.

### ४. होल्डरवरील दाब

बल्बवरील होल्डर काढून स्विच चालू ठेवावा. डिपर व अप्परच्या पट्ट्यांवर आळीपाळीने दाब मोजावा. दाब बॅटरीइतकाच आढळला तरी मार्ग निर्दोष आहे असे लगेच ठरवता येत नाही. तारेचा एखादाच धागा शाबूत असला तरी मल्टिमीटर पूर्ण दाब दाखवतो, कारण त्याला अत्यल्प प्रवाह लागतो. तोच धागा बल्बचा ५ अँपिअर प्रवाह पेलू शकत नाही. म्हणून बल्ब जोडलेला ठेवून, म्हणजे भाराखाली, दाब मोजणे आवश्यक असते. टेस्ट लॅम्पलाही बल्बपेक्षा बराच कमी प्रवाह लागत असल्याने तो उजळ लागला म्हणून मार्ग सुस्थितीत आहे असे मानू नये.

जोडात केवळ ०.२ ओहम एवढा रोध निर्माण झाला तरी ५ अँपिअर प्रवाहावर १ व्होल्ट दाब वाया जातो आणि त्या जोडात ५ वॉट उष्णता निर्माण होते. बल्बचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून पुष्कळ वेगाने घटतो. दाब १० टक्क्यांनी कमी झाल्यास प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. वितळलेला किंवा तपकिरी पडलेला होल्डर हे अशाच जोडाचे चिन्ह असते.

### ५. अर्थिंग

अर्थिंग म्हणजे दिव्यापासून सांगाड्याकडे जाणारी परतीची वाट होय. ही तार दिव्याजवळ पत्र्याला बोल्टने घट्ट केलेली असते. पावसाळ्यातील चिखल व ओलावा, तसेच धूळ यांमुळे तेथे गंज चढतो आणि प्रवाहाला अडथळा होतो.

एच ४ बल्बचे अर्थिंग तुटल्यास एक चमत्कारिक लक्षण दिसते. डिपरच्या तंतूतून आलेला प्रवाह सामाईक पट्टीवरून परत जाऊ शकत नाही. तो त्याच बल्बच्या अप्परच्या तंतूतून उलट दिशेने शिरतो आणि दुसऱ्या बाजूच्या बल्बमार्गे वाट काढतो. परिणामी दिवे मिणमिणतात आणि डिपर चालू असतानाही डॅशबोर्डवरील अप्परचा निळा निर्देशक अंधूक दिसू लागतो. असे दिसल्यास बल्ब वा स्विच न उघडता प्रथम अर्थिंग तपासावे.

खात्री करण्यासाठी सुट्या तारेचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे होल्डरच्या अर्थिंगच्या पट्टीला लावावे. दिवा तत्काळ उजळल्यास दोष अर्थिंगमध्ये आहे. बोल्ट काढून पत्रा व तारेचे टोक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावे, बोल्ट पुन्हा घट्ट करावा आणि वरून ग्रीसचा हात फिरवावा. ज्या वाहनांत स्विच अर्थिंगच्या बाजूस आहे त्यांना ही चाचणी जशीच्या तशी लागू होत नाही.

### ६. रिले

रिलेवर बोट ठेवून दुसऱ्या व्यक्तीस स्विच चालू करण्यास सांगावे. ‘टक्’ असा आवाज व हलका धक्का जाणवल्यास वेटोळे काम करते आहे. आवाज येऊनही दिवे लागत नसतील, तर आतील संपर्कबिंदू जळलेले असू शकतात. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नसाठी किंवा अन्य कामासाठी त्याच क्रमांकाचा व त्याच मांडणीचा रिले असल्यास त्यांची अदलाबदल करून पाहता येते. सर्वांत सोपी व निर्धोक चाचणी हीच होय.

आवाजच येत नसेल, तर रिले काढून त्याच्या बैठकीत ३० क्रमांकाच्या जागी कायम प्रवाह आहे का, आणि स्विच चालू केल्यावर ८५ व ८६ यांच्यामध्ये १२ व्होल्ट दाब मिळतो का, हे पाहावे. दाब मिळत असल्यास रिले सदोष आहे; मिळत नसल्यास स्विच अथवा त्याची तार सदोष आहे.

### ७. कॉम्बिनेशन स्विच

स्विचची दांडी हलकेच वरखाली केल्यावर दिवे लुकलुकत असतील, तर आतील पट्ट्या झिजलेल्या किंवा जळलेल्या असतात. स्विचखालील कपलरवर येणारा व जाणारा प्रवाह मोजून दोष निश्चित करावा. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असलेल्या वाहनात हे काम प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावे.

### ८. वायरिंग

वरील सर्व भाग चांगले असल्यास दोष तारेतच असतो. तार जेथे पत्र्याच्या छिद्रातून जाते, एंजिनाच्या तापलेल्या भागाजवळून जाते किंवा बॉनेटबरोबर वाकते, ती स्थाने प्रथम पाहावीत. उभ्या वाहनात उंदीर तारांचे आवरण कुरतडतात, हेही एक नेहमीचे कारण आहे. दिवे चालू ठेवून वायरिंगचा एकेक टप्पा हाताने हलवल्यास सैल जागी दिवा लुकलुकतो व दोषाचे स्थान कळते.

### नव्या वाहनांतील तपासणी

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. अलीकडच्या काही वाहनांत दिव्यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाद्वारे होते. अशा वाहनांत तारेच्या आवरणात सुई खुपसू नये आणि कोणतेही टोक परस्पर बॅटरीला जोडू नये. नियंत्रकाची हानी झाल्यास त्याचा खर्च मूळ बिघाडाच्या अनेकपट असतो. एलईडी दिव्यांत बल्ब वेगळा नसतो. तेथे फ्यूज, कपलर व अर्थिंग तपासल्यानंतर संपूर्ण दिवाच बदलावा लागण्याची शक्यता असते.

## चुकीच्या दुरुस्त्या व धोके

घाईच्या हंगामात भाड्याची खेप चुकू नये म्हणून तात्पुरत्या दुरुस्त्या केल्या जातात आणि पुढे त्याच कायम राहतात. त्यांपैकी काही विशेष धोकादायक आहेत.

* फ्यूजच्या जागी तार किंवा चंदेरी कागद: यामुळे दिवे लागतात, परंतु शॉर्टसर्किटच्या वेळी फ्यूजऐवजी संपूर्ण तार तापून तिचे आवरण पेट घेऊ शकते. अधिक क्षमतेचा फ्यूज घातल्यानेही हाच धोका उद्भवतो.
* ‘डायरेक्ट’ करणे: बॅटरीवरून फ्यूजविना थेट दिव्यापर्यंत तार ओढणे यास गॅरेजच्या भाषेत डायरेक्ट करणे म्हणतात. पत्र्याच्या कडेने ही तार सोलली गेल्यास प्रवाह थांबवणारे काहीही मार्गात नसते.
* १००/९० वॉटचे बल्ब: १०० वॉटच्या दोन तंतूंना १२ व्होल्टवर सुमारे १६.७ अँपिअर प्रवाह लागतो. मूळ वायरिंग सुमारे १० अँपिअरच्या दृष्टीने केलेले असते. त्यामुळे होल्डर वितळतो, स्विच जळतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.
* उघडे पीळ: तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड उष्णतेने सैल होतो व पावसात गंजतो.

कापसाच्या वाहतुकीत हे धोके अधिक गंभीर ठरतात. सुटा कापूस ठिणगीने सहज पेटतो. ढिगाच्या आत गेलेली आग वरून दिसत नाही. ती धुमसत राहते आणि वरून पाणी टाकूनही पूर्णपणे विझत नाही. मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या तारा मालाच्या हौद्याखालूनच गेलेल्या असतात. दिव्यांसाठी केलेल्या एका निष्काळजी जोडामुळे शेतकऱ्याचा वर्षभराचा माल, वाहन आणि चालकाचा जीव ही तिन्ही एकदम संकटात येऊ शकतात.

एकच हेडलाइट लावून प्रवास करणे हीदेखील सर्रास आढळणारी चूक आहे. समोरून येणाऱ्याला असे वाहन दुचाकीसारखे भासते. उजव्या बाजूचा दिवा बंद असल्यास वाहनाची रस्त्याच्या मध्याकडील कड अंधारात राहते आणि समोरचा चालक पुरेशी जागा सोडत नाही.

## रस्त्यात दिवे गेल्यास

चालत्या वाहनाचे दिवे अकस्मात गेल्यास जोरात ब्रेक न दाबता वेग कमी करावा. चारही इंडिकेटर चालू करून वाहन डाव्या कडेला, शक्य तितके रस्त्याबाहेर घ्यावे. हौद्यात किंवा केबिनमध्ये माणसे असल्यास त्यांना रस्त्यापासून दूर उभे करावे. वाहनाच्या मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. दुसऱ्या वाहनाच्या प्रकाशाच्या मागोमाग किंवा मोबाइलच्या उजेडात पुढे जाणे अत्यंत धोक्याचे असते. एका बाजूचा फ्यूज गेला असल्यास सुटा फ्यूज बदलण्याचे काम काही मिनिटांचे असते; मात्र दोष सापडत नसल्यास वाहन उजाडेपर्यंत सुरक्षित जागी उभे ठेवणे हाच योग्य मार्ग होय. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत.

## कायदेशीर तरतुदी

मोटारवाहन अधिनियम, १९८८ अन्वये तयार करण्यात आलेल्या केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ दिव्यांविषयी आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा प्रकाश नसेल अशा कोणत्याही वेळी, सार्वजनिक रस्त्यावरील वाहनाचे दिवे लावलेले असणे बंधनकारक आहे. समोरच्या दिव्यांनी १५५ मीटर अंतरावरील व्यक्ती व वाहने स्पष्ट दिसावीत, अशी अपेक्षा आहे. नियम १०६ दिव्यांचा झोत खाली झुकवण्याविषयी आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याची दृष्टी आहे अशा व्यक्तीचे डोळे दिपणार नाहीत, अशा रीतीने झोत असावा.

मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. त्या तपासणीत दिव्यांचीही पाहणी होते.

## प्रतिबंधक देखभाल

हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः दसऱ्याच्या सुमारास, दिवसाउजेडी केलेली अर्ध्या तासाची तपासणी बहुतेक बिघाड टाळते.

* दररोज निघण्यापूर्वी वाहन भिंतीसमोर उभे करून अप्पर, डिपर, पार्किंग व इंडिकेटर पाहावेत.
* पावसाळा संपल्यावर दोन्ही दिव्यांचे अर्थिंग व बॅटरीचे टर्मिनल साफ करावेत.
* होल्डरच्या मागचे रबरी आवरण जागेवर आहे याची खात्री करावी. ते नसल्यास पाणी व धूळ थेट बल्बच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचते.
* काचेवरील धूळ व चिखल रोज पुसावा. कोळशाच्या व मातीच्या रस्त्यांवर दिवा चांगला असूनही केवळ काच मळल्याने प्रकाश घटतो.
* वाहनात प्रत्येक क्षमतेचे दोन सुटे फ्यूज, एक बल्ब आणि परावर्तक त्रिकोण ठेवावा.
* मागे अधिक भार असल्यास वाहनाचे तोंड वर उचलले जाते व डिपरचा झोतही वर जातो. झोत खालीवर करण्याची कळ असल्यास ती भारानुसार फिरवावी.

## ऐतिहासिक आढावा

प्रारंभीच्या मोटारींना तेलाचे आणि कार्बाइडपासून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. १८९८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया या विद्युत मोटारीला विजेचे दिवे देण्यात आले. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे यांची एकत्रित यंत्रणा आली. अमेरिकेत १९४० पासून काच व तंतू एकत्र बंद केलेल्या ‘सील्ड बीम’ दिव्यांचा प्रसार झाला. युरोपात १९६२ मध्ये पहिला हॅलोजन बल्ब वाहनात आला, आणि १९७१ मध्ये दोन तंतूंचा एच ४ बल्ब प्रचारात आला. एकविसाव्या शतकात एलईडी दिव्यांचा वापर वाढला. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना एंजिन सुरू होताच आपोआप लागणारा हेडलाइट बंधनकारक करण्यात आला.

## प्रचलित परिभाषा

* अप्पर: दूरवर जाणारा झोत
* डिपर: खाली झुकलेला जवळचा झोत
* होल्डर: बल्बच्या पट्ट्यांवर बसणारा जोड
* कपलर: दोन वायरिंग जोडणारी प्लास्टिकची जोडी
* कार्बन धरणे: ठिणग्यांमुळे संपर्कबिंदूवर काळा थर साचणे
* शॉर्ट होणे: धन तारेचा सांगाड्याला थेट स्पर्श होणे

## हे सुद्धा पहा

* मारेगाव
* यवतमाळ जिल्हा
* विद्युत मंडल
* बॅटरी
* रस्ता सुरक्षा